बंद केलेले प्रोग्रॅम, झिजलेले अंगठे

आमच्या सेवा केंद्रातला कॉम्प्युटर सुरू व्हायला वीस-बावीस मिनिटं घ्यायचा. घड्याळ लावून कधी मोजलं नाही, पण सकाळच्या कामांवरून मला तो वेळ पाठ झाला होता. बटण दाबायचं, शटरपुढं पाणी मारायचं, आत झाडून घ्यायचं, कपाळाला विभूती लावून अगरबत्ती ओवाळायची, मग समोरच्या हॉटेलात जाऊन चुरमुऱ्यांचा सुसला खायचा, चहा घ्यायचा, उसाची तोड कधी येणार यावर कुणाशी तरी चार शब्द बोलायचे आणि परत यायचं. तरी पडद्यावरचं ते गोल चक्र फिरतच असायचं. तोवर बाकावर सहा-सात माणसं येऊन बसलेली.

सीमाभागातल्या भालकीच्या बाजारात माझी ही दहा बाय बाराची जागा आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शेताची पहाणी म्हणजे सातबारा, पीकविमा, रेशन कार्डात नाव घालणं आणि काढणं, असली कामं. कुणी कन्नडमधून विचारतो, कुणी मराठीतून, कुणी "क्या भाई, सर्वर आया क्या?" म्हणत आत येतो. तिन्ही भाषांत माझं उत्तर एकच असतं, की थांबा. खरं सांगायचं तर मी या कामाला कंटाळलो आहे. पन्नाशी उलटली. सर्वर बंद असला तरी शिव्या मला, फोटो काळा आला तरी मला, आधारवर जन्मतारीख चुकलेली असली तरी मलाच. लग्नात जेवायला बसलो तरी शेजारचा माणूस भाताचा घास हातात धरून विचारतो, "अण्णा, माझं काम कुठवर आलं?"

कॉम्प्युटर एवढा मंद का झाला, याचं कारण मला कळत नव्हतं असं नाही. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची रीत नाही. ‘बघू’ म्हणतात, आणि एकदा ‘बघू’ म्हटलं की ते काम झालंच म्हणून समोरचा निघून जातो. त्यामुळं दहा-बारा वर्षांत माझ्या मशीनमध्ये ज्यानं त्यानं आपलं काहीतरी आणून ठेवलं होतं. सोयरिकी जमवणाऱ्या एका नातेवाइकानं पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम टाकला, कारण त्याच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. शेजारच्या फोटोवाल्याचं मशीन बिघडलं म्हणून त्याचा फोटोचा प्रोग्रॅम आला; त्याचं मशीन दुरुस्त झालं, प्रोग्रॅम माझ्याकडंच राहिला. कन्नड टायपिंगचे दोन, मराठीचा एक. तीन प्रिंटरांचे तीन, त्यातले दोन प्रिंटर केव्हाच भंगारात गेले होते. मेव्हण्याच्या मित्रानं क्रिकेटचा स्कोअर दाखवणारी एक खिडकी बसवून दिली होती. व्हायरस पकडणाऱ्या एका प्रोग्रॅमची मुदत संपून जमाना झाला होता, तरी तो रोज सकाळी उठून मला सांगायचा, की तुम्ही धोक्यात आहात. ते मला ठाऊकच होतं.

दिवाळीत साडू घरी आले. ते कडगंचीला विद्यापीठात कॉम्प्युटरच्याच कामावर आहेत. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सहज दुकानात येऊन बसले आणि मी बटण दाबून झाडू हातात घेतला, तेव्हा ते बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "साडूभाऊ, हे काय कॉम्प्युटर हाय का धर्मशाळा?"

त्यांनी मला दाखवलं. टास्क मॅनेजर म्हणून एक खिडकी उघडते. तिच्यात स्टार्टअपची यादी असते. कॉम्प्युटर उठला की त्याच्याबरोबर कोण कोण उठतं, त्यांची नावं. एकेका नावावर बोट ठेवून ‘डिसेबल’ म्हटलं, की तो प्रोग्रॅम मशीनमध्येच राहतो, फक्त बोलावल्याशिवाय उठत नाही. माझ्या यादीत एकतीस नावं निघाली. साडूंनी पत्रिकावाला झोपवला, क्रिकेट झोपवलं, फोटोवाला झोपवला, मेलेल्या प्रिंटरांचे दोन्ही झोपवले. मशीन बंद करून परत सुरू केलं. नऊ मिनिटं लागली.

मी पुढची नावं बंद करायला हात पुढं केला तर त्यांनी धरला. "थांबा. ज्याचं नाव कळंना, त्याला हात लावायचा न्हाई. काय हाय ते आधी बघायचं, मग बंद करायचं. घाई कामून करायलाव?"

घाई का करत होतो ते त्यांना सांगून कळलं नसतं. त्यांना महिन्याचा पगार आहे आणि त्यांच्या बाकावर कुणी बसलेलं नसतं. बावीसची नऊ झाली म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गावी गेले आणि मी एकटाच त्या यादीपुढं बसलो. मनातला सगळा वैताग त्या नावांवर काढला म्हटलं तरी चालेल. कोण कुठला, कुणी आणून टाकला, माझ्या विजेवर का पोसायचा, असं म्हणत एकेक बंद करत गेलो. शेवटी-शेवटी इंग्रजी चार अक्षरं आणि एक आकडा एवढंच नाव असलेलं काहीतरी होतं. ते काय आहे हे नावावरून देवालाही कळलं नसतं. मी तेही बंद केलं. त्या क्षणी फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

आता मशीन तीन मिनिटांत सुरू व्हायला लागलं. पाणी मारून होतं न होतं तोच पडदा तयार. पहिले काही दिवस तर मी सुसला खाऊन मुद्दाम लवकर परत यायचो आणि नुसता बघत बसायचो. कितीतरी वर्षांत एखादी गोष्ट माझ्या मनासारखी झाली होती.

त्याच सुमारास रेशन कार्डांची तपासणी निघाली. कार्डावर नाव असलेल्या प्रत्येकानं आपण आपणच आहोत हे आधारवरून पटवून द्यायचं, नाही तर नाव कटणार. खरं म्हणजे ते काम रेशन दुकानात व्हायचं, पण आजूबाजूच्या दोन-तीन गावांतली मशिनं बंद पडली होती आणि तिथली माणसं आमच्याकडं पाठवली जात होती. बहुतेकांचं काम मोबाईलवर येणाऱ्या आकड्यावरच व्हायचं. मोबाईल नसलेल्यांसाठी अंगठा. त्यासाठी काउंटरच्या पलीकडच्या कडेला, गिऱ्हाइकाच्या समोर, काचेची एक छोटी डबी वायरनं जोडून ठेवलेली असते. मी बसतो तिथून मला फक्त तिची पाठ दिसते.

एका सकाळी एक म्हातारी आली. भालकीपासून बसनं पाऊण तासावरच्या एका खेड्यातली. हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड.

"अण्णा, राशनवाला म्हणायलाय तुझा अंगठा ऱ्हायलाय. भालकीला जा म्हणला."

"मोबाईल हाय का, मावशी?"

"न्हाई बाबा. सुनंकडं हाय. तिचं तिला पुरंना."

मी म्हटलं, ठेवा अंगठा. पडद्यावर लाल ओळ आली. अंगठा लागला नाही की इंग्रजीत एक लाल ओळ येते. ती मी वाचायचं फार पूर्वीच सोडून दिलं होतं. लाल ओळ आली म्हणजे अंगठा झिजलाय, असा आमच्या भागातला हिशेबच आहे. ऊस तोडणारी, खुरपणारी, राखेनं भांडी घासणारी माणसं. त्यांच्या बोटांवरच्या रेघा राहणार कशा? मी नेहमीचे उपाय सांगितले. अंगठा केसातून फिरवून ठेवा. लाल ओळ. बाहेरच्या नळावर साबणानं धुऊन या. लाल ओळ. डावा ठेवा. लाल ओळ.

"मावशी, झिजलेत तुमचे अंगठे."

तिनं दोन्ही अंगठे डोळ्यांजवळ नेऊन बघितले. "झिजले असतील. जनमभर दुसरं काय केलं म्या?" मग हळूच म्हणाली, "माझं नाव जाईल का रं?"

मी म्हटलं मुदत आहे अजून. तिनं बाकावर टेकून मला जे सांगितलं ते मी अर्धंच ऐकत होतो, पण ध्यानात राहिलं. तिचा नवरा गेलेला, लेक हैदराबादला बिल्डिंगच्या कामावर, घरात सून आणि ती. सून वाईट नाही म्हणाली, पण तोंडाची जरा फटकळ. "माझ्या नावाचा तांदूळ घरात येतो, तवर मी माझं खाती. नाव गेलं की तिचं खायचं. मग भात वाढताना ती काही बोलली, तर मी काय बोलू?"

मी तिला सांगितलं, आठ दिवस दोन्ही हातांनी जड काम करू नका, रात्री अंगठ्यांना एरंडेल लावून चिंधी बांधा, कातडी मऊ होईल, मग या. हा सल्ला मी काही शोधून काढलेला नाही. आमच्यात सगळेच देतात, आणि कधी कधी त्याचा उपयोगही होतो. त्या आठवड्यात अशाच आणखी दोघांना मी परत पाठवलं. एक म्हातारा होता आणि एक मधल्या वयाची बाई, दोघंही ऊस तोडणारे. मशीनवर संशय घ्यायचं मला सुचलंसुद्धा नाही. मशीन तर तीन मिनिटांत सुरू होत होतं.

नवव्या दिवशी म्हातारी आली. दोन्ही अंगठ्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या. ऐन हंगामाचे दिवस, आणि ती आठ दिवस कामाला गेली नव्हती. घरचं पाणीसुद्धा सुनेनं भरलं, आणि त्याबद्दल काय बोलली तेही तिनं सांगितलं. चिंध्या सोडल्या तर अंगठे खरंच मऊ, पांढुरके झाले होते. तिनं फार जपून, चूल सारवताना हात टेकावा तसा, अंगठा डबीवर टेकवला. लाल ओळ. मी चार वेळा केलं. बाकावर माणसं खोळंबली होती, एक जण कन्नडमधून पुटपुटत होता, आणि माझं डोकं फिरलं.

"मावशी, मशीन तरी काय करील? तुमचा अंगठाच ऱ्हायला न्हाई."

तिनं चिंध्या घडी घालून पिशवीत ठेवल्या आणि गेली. आमच्याकडं बाईमाणसाला सरकारी बसचं तिकीट लागत नाही. आधार दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. त्यामुळं बायकांच्या फेऱ्या फुकटच असतात असं आम्ही धरून चालतो, आणि त्यांना उद्या या, परवा या म्हणताना जीभ अडखळत नाही. त्या कार्डावरचं तोंड बघून कंडक्टर तिला दर फेरीला ओळखत होता. माझ्याकडं येऊन मात्र ती कुणीच राहत नव्हती. हे सगळं मला आता सुचतं. तेव्हा मी पुढच्याला म्हटलं, बोला.

मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा ती तिसऱ्यांदा आली. ऊन चढलेलं होतं, बाकावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. मी म्हटलं ठेवा. तिनं अंगठा ठेवला नाही. डबीकडं बघत उभी राहिली.

"अण्णा, आज बी दिवा लागंना बघ."

"कंचा दिवा?"

"ह्या डबीतला. मागल्या साली आलते तवा आत लाल दिवा लागला होता. आवंदा पयल्या दिसापासून लागंना."

मी उठून काउंटरच्या बाहेर आलो. डबीची काच काळी होती. वायर हलवून बघितली, नीट होती. आणि मग ते नाव आठवलं. चार अक्षरं आणि एक आकडा. डबीला जागं करणारा प्रोग्रॅम तोच होता.

"मावशी, मग सांगितलं कामून न्हाई?"

"मला वाटलं, माझा अंगठा बघून दिवा बी लागंना झालाय." आणि जराशानं म्हणाली, "तू शिकलेला माणूस. तुला दिसतच असंल की."

मी परत आत जाऊन बसलो. पडद्यावरची ती लाल ओळ पहिल्यांदा वाचली. डबी तयार नाही, एवढंच तिच्यात लिहिलं होतं. अंगठ्याचा त्यात उल्लेखही नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; मी दोन-अडीच आठवडे त्या बाईचे अंगठे वाकडे म्हणत बसलो होतो. स्टार्टअपची यादी उघडली, ते नाव शोधून चालू केलं, मशीन बंद करून परत सुरू केलं. त्या तीन मिनिटांत ती बाकावर बसून अंगठ्यानं अंगठा चोळत होती. मला तिच्याकडं बघवेना.

डबीत लाल दिवा लागला. तिनं अंगठा ठेवला आणि पहिल्याच फेरीत हिरवी खूण आली.

"झालं, मावशी."

"झालं?" तिनं तो अंगठा दोन्ही डोळ्यांना लावला. "नाव ऱ्हायलं?"

"ऱ्हायलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हसली आणि म्हणाली, "एरंडेल लागू पडलं बघ."

मी म्हटलं, "व्हय."

एवढा एकच शब्द. सांगायला काय लागत होतं? डबी मीच बंद केली होती, तुमच्या अंगठ्यांना काही झालेलं नाही, दोन वाक्यं. पण मला लाज वाटली आणि कंटाळाही आला होता, आणि बाहेरून कुणीतरी आत येत होतं. तिनं पिशवीतून तुरीच्या ओल्या शेंगा काढून काउंटरवर ठेवल्या. मी त्या घरी नेल्या, बायकोनं उकडल्या, आणि माझ्यानं दोनापेक्षा जास्त सोलवल्या नाहीत.

बाकीच्या दोघांना शोधायचं तर त्यांच्याकडं फोन नव्हता, म्हणून तर ते अंगठ्याला आले होते. रेशनवाल्यांकडून निरोप धाडले. बाई आली, तिचं काम झालं. म्हातारा आला नाही. त्याचं नाव राहिलं की गेलं, मला ठाऊक नाही.

मुदत वाढली, ती नेहमीच वाढते. पुढं पंधरा-वीस दिवसांनी त्याच म्हातारीच्या गावच्या चार बायका एकत्र आत आल्या. चौघींच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या, एरंडेलाचा वास दुकानभर. मी विचारलं, हे काय? सगळ्यांत पुढची सांगायला लागली, की म्हातारीनं गावात सगळ्यांना सांगितलंय. भालकीचा अण्णा गुणाचा आहे, पण आधी आठ दिवस हात जपावा लागतो. म्हणून चौघी आठ दिवस कामावर गेल्या नव्हत्या. मुकादम चिडला होता. एकीनं तर बाळाला उचलून घेणंही बंद केलं होतं.

मी उठून उभा राहिलो. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, एवढं मला कळत होतं. म्हटलं, "ऐका. मावशीच्या अंगठ्याला काहीच झालं नव्हतं. चूक माझी होती. मशीनमधला एक प्रोग्रॅम मीच बंद करून ठेवला होता, म्हणून अंगठा लागत नव्हता. मी त्यांना खोटंच सांगितलं. एरंडेलाचा काही संबंध न्हाई. तुमचे अंगठे चांगले हायत."

पुढचीनं मागचीला कोपरानं ढोसलं.

"मावशी म्हणली तसाच हाय बघ. लई मोठ्या मनाचा माणूस. आमचा दोष सवताच्या अंगावर घ्यायलाय."

"न्हाई, बाई, खरंच सांगायलोय मी..."

"असू दे, अण्णा. मशीन कशाला लबाड बोलंल? आमचेच हात तसले." ती दातानं चिंधीची गाठ सोडायला लागली. गाठ सुटल्यावर तिनं तेलकट, पांढरा पडलेला अंगठा माझ्यापुढं धरला. "घे बाबा. आठ दिस सांभाळलाय."